पाच रेघांवरची गिटार

गिटार मला कॉलेजपासून येते. म्हणजे कॉर्ड धरून कुठल्याही भावगीताला साथ करता येते, गाणारी "माझी पट्टी काळी दोन" म्हणाली की कॅपो (तारा दाबून धरणारी चाप) कुठे लावायचा ते कळतं, आणि गाणं दोनदा ऐकलं की सुरुवातीचा तुकडा तारेवर सापडतो. समोर पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य नोटेशनचा नवा कागद ठेवून 'वाजव' म्हटलं, म्हणजे साइट-रीडिंग करायला सांगितलं, तर मात्र हात बांधल्यासारखे. चाळिशी उलटल्यावर क्लासिकल गिटारच्या एका छोट्या ग्रुपमध्ये शिरले आणि तिथे हे फारच जाणवायला लागलं. चौघं बसतात, प्रत्येकापुढे वेगळा कागद, एक जण मात्रा मोजतो आणि सगळे एकदम सुरू. ऐकून उचलायची सोय नाही, कारण माझा भाग दुसरं कोणी वाजवतच नसतं.

तोवर माझं सगळं टॅबवर चालायचं, म्हणजे कुठली तार कुठल्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या पट्टीपाशी) दाबायची ते आकड्यांनी सांगणाऱ्या कागदावर. टॅबला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. सोळाव्या शतकात युरोपात ल्यूट आणि विहुएला ही तारवाद्यं वाजवणारे टॅबच वाचत. फक्त त्यांच्या टॅबवर लयीच्या खुणाही असायच्या. इंटरनेटवरच्या बहुतेक टॅबमध्ये नुसते फ्रेटचे आकडे. कुठला स्वर किती वेळ धरायचा हे गाणं आधीच कानात असेल तर कळणार. न ऐकलेली चीज त्यावरून निघत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

ओळखीतून कॅम्पातले एक गोवेकर सर मिळाले. सत्तरी ओलांडलेले, मूळचे व्हायोलिनवाले. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत आधी सोल्फेज (कागदावरचे स्वर नावं घेत गाणं) म्हणायचं आणि मगच वाद्याला हात लावायचा, अशी त्यांची तालीम. गोव्यातल्या पॅरिश शाळांत हे पोर्तुगीज अमलापासून चालत आलेलं. मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याची इतकी माणसं दिसायची ती त्यामुळेच. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा, सेबॅस्टियन डिसूझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर ती पाच रेघांवर मांडायचे, आणि वादक पुढ्यातला कागद बघून वाजवायचे. सरांच्या दृष्टीने त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतंच. "वाचता येतं तर वाजवणार. पेपर नाय वाचत तू सकाळी?"

सुरुवातीचे कित्येक तास गिटार पेटीतच राहिली. कागद स्टँडवर, हात मांडीवर, आणि फक्त टाळी. इथे मला फारसं जड गेलं नाही, कारण शाळेत असताना थोडा तबला झाला होता. क्वार्टर नोट म्हणजे एक मात्रा धरली तर एट्थ नोट ही दुगुण, सिक्स्टीन्थ ही चौगुण. शेजारी टिंब असलेला क्वार्टर नोट म्हणजे दीड मात्रा. अडायला व्हायचं ते टायपाशी, म्हणजे बारची (ठरावीक मात्रांच्या खणाची) उभी रेघ ओलांडून मागचा स्वर पुढे धरून ठेवायचा तिथे. सम हातातून निसटते आणि टाळी वाजवायचा मोह आवरत नाही.

मग गिटार हातात आली आणि खरी गंमत सुरू झाली. पियानोवर एका स्वराला एकच पट्टी. गिटारवर तसं नाही. पाच रेघांमधल्या सगळ्यात वरच्या घरातला, म्हणजे दोन रेघांमधल्या जागेतला, ई हा स्वर घ्या. ती पहिली तार मोकळी. तोच स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या आणि पाचवीच्या एकोणिसाव्या फ्रेटवरही आहे. कागद यातली कुठली जागा ते सांगत नाही. छापील चिजांत कधी रोमन आकड्यात पोझिशन (पहिलं बोट कुठल्या फ्रेटवर ते) दिलेली असते, कधी वर्तुळात तारेचा नंबर असतो, पण साइट-रीडिंगच्या सरावासाठी जे कागद पुढे येतात त्यात यातलं बहुधा काही नसतं. स्वर ओळखायला मी पटकन शिकले. हात कुठे ठेवायचा हे ठरवण्यात बाकीचा सगळा काळ गेला, आणि माझ्या मते गिटारवरचं साइट-रीडिंग म्हणजे मुख्यतः हेच.

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल ग्रेड परीक्षेत साइट-रीडिंगला १५० पैकी २१ गुण असतात आणि वाजवण्याआधी कागद बघायला अर्धा मिनिट देतात. मला परीक्षा द्यायची नव्हती, पण तो अर्धा मिनिट सरांनी उचलला. मी तो पहिला बार हळूच वाजवून बघण्यात घालवायचे. सरांनी ते बंद केलं. आधी की सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणा, बघायची. एक शार्प असेल तर एफ शार्प, म्हणजे आपली काळी तीन, आणि ती कुठे कुठे लागणार ते बोटांना आधीच दाखवायचं : पहिल्या आणि सहाव्या तारेवर दुसरा फ्रेट, चौथीवर चौथा. मग सगळ्यात उंच स्वर शोधायचा. तो रेघांच्या वरच्या पहिल्या लेजर लाइनवरचा (जादा छोट्या रेघेवरचा) ए असेल तर पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट, म्हणजे दुसऱ्या पोझिशनमध्ये करंगळीने भागतं. दोन लेजर लाइनींवरचा सी दिसला तर आठवा फ्रेट आला, तेव्हा हात पाचव्या पोझिशनमध्ये न्यावा. त्यानंतर सगळ्यात खालचा स्वर. शेवटी कागदावरचा सगळ्यात काळाकुट्ट, म्हणजे स्वरांची दाटी असलेला, बार बघायचा, तो जेवढ्या लयीत झेपेल तीच पहिल्या बारची लय. पहिले चार बार सोपे म्हणून सुसाट सुटायचं नाही.

सरगम अंगात मुरलेली असल्याने आणखी एक घोळ होता. पेटीच्या क्लासमध्ये भातखंडे स्वरलिपी शिकलेले. कोमल स्वराखाली रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब. तिथे सा आपण ठरवतो. पाच रेघांवर सी हा सीच, चीज कुठल्याही स्केलमध्ये असो. मी प्रत्येक स्वराचं मनात सारेगम करायचे, मग फ्रेट शोधायचे, तोवर दोन मात्रा गेलेल्या असत. सरांनी सरगम सोडायला सांगितलं नाही. ते म्हणाले, नाव कशाला घेतेस, अंतर बघ. रेघेवरून लगतच्या घरात गेलं की पुढचा स्वर. रेघेवरून पुढच्या रेघेवर गेलं की मधला एक गाळलेला, सा वरून ग. हे डोळ्यांना बसलं आणि कानातली सरगम एकदम कामाला आली. बोट पडायच्या आधी स्वर ऐकू यायला लागला.

न थांबणं सगळ्यात अवघड. चुकलेला स्वर मागे जाऊन दुरुस्त करायची सवय प्रत्येक रियाज करणाऱ्याला असते, आणि इथे तीच नडते. सरांकडे जुनी लग्नपत्रिका होती, जाड कागदाची, कोपऱ्यात गणपती. मी बार वाजवायला लागले की ते त्याच बारवर पत्रिका सरकवायचे. वाजतंय ते झाकलेलं, डोळे नाइलाजाने पुढच्या बारवर. चिडचिड झाली. पहिल्या दिवशी तर गणपतीच जास्त दिसला. पण मागे जायला जागाच उरली नाही, आणि डोळे हातांच्या पुढे धावायला शिकले ते असेच.

सरावाला रोज नवं काहीतरी लागतं. माझ्यासारख्या कानाने वाजवणाऱ्यांची चीज दोन फेऱ्यांत पाठ होते आणि मग डोळे नुसते कागदावर असतात, वाचत नसतात. गिटारचा साठा लवकर संपला. तेव्हा सरांनी त्यांची व्हायोलिनची पिवळी पडलेली पुस्तकं काढली. व्हायोलिनलाही ट्रिब्ल क्लेफच, म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते गिटारसारखंच. गिटार लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते एवढाच फरक. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा जी गिटारवर सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर येतो, त्यामुळे खाली काहीच हुकत नाही. बासरीची पुस्तकंही चालतात. इंटरनेटवर कॉपीराइट संपलेलं इतकं पडलंय की जन्मभर पुरेल.

दीडेक वर्षानंतर आता पाचव्या पोझिशनपर्यंतची एकेरी सुरावट मध्यम लयीत वाचता येते. एकावर एक रचलेले तीन-चार स्वर दिसले की अजून वेग मंदावतो. ते खालून वर वाचायचे, खर्जाचा स्वर आधी धरायचा आणि वरच्या स्वरांवरून कॉर्डचा ओळखीचा आकार पकडायचा, असं सध्या चाललंय. त्यात जुन्या साथीचा उपयोग होतो. ग्रुपमध्ये परवा नवा कागद आला. मधले दोन बार माझे पूर्ण बुडाले, पण मोजणं सुटलं नव्हतं, आणि तिसऱ्या बारच्या समेवर मी बाकीच्या तिघांबरोबर होते.