जिन्यात बसलेली बाई

सोमवार, होळी

कचरागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा पुरणाची डाळ शिजत होती. अहो आंघोळीला, लेक अंथरुणात, आणि आईंचे गुडघे जिना नुसता बघूनच कुरकुरतात. म्हणून ओल्या-सुक्याच्या दोन्ही बादल्या घेऊन मीच उतरले. उतरताना काही होत नाही. रिकाम्या बादल्या घेऊन वर येताना दुसऱ्या वळणावर ते गाणं एकदम लांब गेलं. गाडी होती तिथेच होती, लांब गेले होते ते माझे कान. मग नेहमीचंच सगळं: मानेच्या मागे गार घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे कडेकडेने काळोख आणि मध्ये थोडासा उजेड. तेवढा उजेड आहे तोवर एकच काम करायचं. बसायचं. कठडा धरून उभं राहायचं नाही, 'चारच पायऱ्या तर राहिल्या' असं म्हणायचं नाही. बादल्या सोडून दिल्या, त्या गडगडत खाली गेल्या, मी पायरीवर बसले आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

आवाज ऐकून खालच्या भाभी बाहेर आल्या. "दीदी, फिर चक्कर? पानी लाऊँ?" मी हातानेच नको म्हटलं. अशा वेळी तोंडाला पाणी लावलं तर ठसका लागतो, आणि ठसक्याने जी यायची राहिली ती येते.

भान गेलं नाही. तरी वहीत लिहिलं: वेळ, किती पायऱ्या, हातात काय होतं, किती वेळाने ओठांचा रंग परत आला. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय, पूर्ण बेशुद्ध झालात तरच सांगायचं असं नाही, होता होता राहिलेलीही सांगायची. या आजारात बेशुद्धी म्हणजे अशक्तपणा नव्हे, हृदय आपल्या मर्यादेला टेकल्याची खूण आहे.

आजाराचं नाव पल्मोनरी हायपरटेन्शन. नावात हायपरटेन्शन आलं की घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "हो का, मलाही बीपी आहे." त्या बीपीशी याचा संबंध नाही. हा दाब फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांमधला. निरोगी माणसात तो सरासरी १४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. आता २० च्या वर गेला की आजार धरतात, पूर्वी ती रेघ २५ वर होती. माझा पन्नाशीच्या पुढे निघाला. दंडाला पट्टा बांधून तो दिसत नाही. दंडावर माझं ११० बाय ७०, अगदी शहाण्या मुलीसारखं. त्यामुळे पहिली दोन वर्षं मला कुठे हिमोग्लोबिनच्या गोळ्या मिळाल्या, कुठे कानाच्या चक्करेच्या. एका मोठ्या दवाखान्यात फिट म्हणून डोक्याला तारा लावल्या, आणि एका ठिकाणी 'घरात काही टेन्शन आहे का?' हा प्रश्न अहोंना बाहेर पाठवून विचारला. शेवटी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणाऱ्या मुलाने पडद्यावर बोट ठेवलं: उजवी बाजू फुगली आहे.

हृदयाचा उजवा कप्पा मुळात पातळ भिंतीचा, फुफ्फुसापर्यंत रक्त ढकलण्याच्या हलक्या कामासाठी घडलेला. माझ्या धमन्यांच्या भिंती जाड होऊन आतली वाट अरुंद झाली. घरची टाकी भरणाऱ्या लहानशा मोटरीला नर्मदेचं पाणी जलूदहून घाट चढवून इंदूरला आणायला सांगावं, तसं झालंय त्याचं. बसल्या जागी तो कसंबसं भागवतो. पायऱ्या चढायला लागलं की मांड्यांचे स्नायू जास्त रक्त मागतात, तिथल्या वाहिन्या रुंदावतात. पण फुफ्फुसांतून पलीकडे येणारं रक्त वाढतच नाही. डाव्या बाजूला जेवढं मिळतं तेवढंच ती पुढे पाठवणार. दाब उतरतो आणि डोक्याच्या वाट्याला कमी येतं. आडवं पडलं की डोक्यापर्यंत रक्त पुन्हा पोचतं, म्हणून शुद्ध लगेच येते. तोवर आजूबाजूच्यांनी कांदा शोधायला पळापळ सुरू केलेली असते.

पुरणपोळ्या आईंनी लाटल्या. मी स्टुलावर बसून भाजल्या.

बुधवार

आज गोळ्या आणायला गेले. औषधांच्या दुकानात नवा मुलगा होता. सिल्डेनाफिलची चिठ्ठी बघून त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे कोणी 'भैया' उभा आहे का ते पाहिलं, आणि पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. मी म्हटलं, "गुंडाळू नका, मेरे ही लिए है. दिन में तीन बार." बिचारा लाल झाला. ही गोळी मुळात छातीच्या दुखण्यासाठी शोधायला घेतली, १९९८ मध्ये भलत्याच कामासाठी व्हायग्रा म्हणून बाजारात आली आणि जगप्रसिद्ध झाली. फुफ्फुसांच्या दाबासाठी अमेरिकेत तिला २००५ मध्ये मान्यता मिळाली. मला तिची लाज वाटायची बंद झाली आहे. अहोंना अजून वाटते, म्हणून ते आणायला जात नाहीत.

दुसरी गोळी अँब्रिसेंटन, तीही त्याच दाबासाठी. तिने पाय सुजतात. तिसरी लघवीची. ती घेतली की दोन-तीन तास घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून लग्नाच्या मुहूर्तावर अक्षता टाकायला मी कधीच नसते, जेवायच्या पंगतीला असते. नातेवाईकांनी यातून काय निष्कर्ष काढायचा तो काढला आहे.

लग्नावरून आठवलं, ते लिहून ठेवलंच पाहिजे. मागच्या हिवाळ्यात मावससासूबाईंच्या नातीच्या लग्नात मी हॉलच्या जिन्यात गेलेच. पूर्ण. डोळे उघडले तर एक सज्जन काका खिशातून डबी काढून माझ्या जिभेखाली सॉर्बिट्रेट, छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी, ठेवायला वाकलेले. आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाच्या खिशात ती डबी असते, आणि दुसऱ्याच्या तोंडात घालायची हौसही. जाऊबाईंनी त्यांचा हात अक्षरशः धरला. सिल्डेनाफिल घेणाऱ्या माणसाला सॉर्बिट्रेट दिलं तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की मग उठायचं नावच नको. काका दुखावले. "आम्ही मदत करायला गेलो तर..." असं जेवणापर्यंत चाललं होतं.

तेव्हापासून पर्समध्ये आणि मोबाइलच्या कव्हरात कार्ड आहे. मराठीत लिहून उपयोग नाही, इथे इंदुरात उचलायला येणारा बहुतेक हिंदीत 'भिया' म्हणणाराच असणार. म्हणून हिंदीत, मोठ्या अक्षरांत: 'मुझे फेफड़ों की नसों के दबाव की बीमारी है। बेहोश हो जाऊँ तो लिटा दें, पैर ऊँचे करें, मुँह में कुछ न डालें। सॉर्बिट्रेट बिल्कुल न दें।' खाली घरचा नंबर. लेकीने कोपऱ्यात फूल काढलंय. तिचं म्हणणं, नुसतं लिहिलेलं कोणी वाचत नाही.

शुक्रवार

आंघोळ हा आमच्याकडे सामुदायिक कार्यक्रम आहे. कडी लावायची नाही. कढत पाणी नाही, कारण गरम पाण्याने अंगभरच्या वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. स्टुलावर बसून, कोमट पाण्याने. आणि बाहेर कोणीतरी असलं पाहिजे. लेक दाराबाहेर दप्तर भरते आणि मी आतून बोलत राहते. रोज काय बोलणार? मी गणिताच्या शिकवण्या घेते, म्हणून पाढे म्हणायला लागले. एकोणतीसचा पाढा संपला की आई स्वयंपाकघरातून पावकी, निमकी, अडीचकीवर येतात. त्यांना त्या अजून तोंडपाठ, आणि मी दिडकीत अडखळले की तिथूनच दुरुस्ती येते. मी अडखळल्यावर लेक मात्र दार ढकलते. तिला चुकणं आणि पडणं यातला फरक आतून कळत नाही, आणि मी तरी तिला कुठल्या तोंडाने रागावू.

आईंबद्दल एक लिहायचं आहे. सुरुवातीला त्या माझी दृष्ट काढायच्या, मीठ-मोहरी-मिरच्या निखाऱ्यावर टाकून. त्या धुराने मला खोकल्याची उबळ आली आणि त्यातच डोळ्यांपुढे अंधारलं. आता त्या मिरच्या घेत नाहीत आणि निखाराही पेटवत नाहीत. मीठ-मोहरी ओवाळून बेसिनमध्ये सोडतात, वर नळ सोडतात. "दृष्टीला काय कळतंय," म्हणाल्या.

त्यांच्यापुढे बसून राहायला मात्र मला फार जड गेलं. त्यांनी नव्हे, मीच जड करून घेतलं. आमच्या घरात सासू उभी असताना सून बसली आहे हे दृश्य कोणी पाहिलेलं नाही. त्यांनी त्यांच्या सासूपुढे पाहिलं नव्हतं. पाहुणे आले की पाय आपोआप ओट्याकडे वळतात, आणि बसलेच तर तोंडातून निघतं, "जरा बसले हं." कोणी विचारलेलं नसतं. मरणाची भीती वाटते ती रात्री, कधीमधी. चारचौघांत बसायची लाज दिवसभर वाटायची. मी आजवर जितक्या वेळा पूर्ण पडले त्यातल्या बहुतेक वेळा मला आधी कळलं होतं, आणि त्या तेवढ्या वेळात मी बसायला जागा नव्हे, निमित्त शोधत होते. चपलेचा बंद, पर्समधली किल्ली.

आता इंदूरचा माझा नकाशा वेगळा आहे. सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर त्यांच्या पायऱ्या मोकळ्या असतात. तिथे बसून भुट्ट्याचा कीस खाता येतो, चवीत काही कमी होत नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या पायऱ्या चांगल्या. खजराण्याच्या गणपतीला बुधवारी जायचं नाही, रांगेत टेकायला काही नाही. भाजीबाजारात एक आजी मला बघितलं की बटाट्याचं रिकामं पोतं पुढे सरकवतात. पहिल्यांदा मी पोत्यावर बसले तेव्हा ओळखीच्या बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. आता मी तिथूनच त्यांना हाक मारते.

आमच्या जिन्याच्या दोन्ही वळणांवर प्लॅस्टिकची स्टुलं ठेवली आहेत. वरचे काका आधी कुरकुरले, येण्याजाण्याची वाट अडते म्हणून. आज संध्याकाळी ते त्याच्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होते.

रंगपंचमी, रात्री

अहो आणि लेक गेरला, रंगपंचमीच्या मिरवणुकीला, जाऊन आले. राजवाड्यापाशी गुलालाच्या तोफा आणि पाण्याचे फवारे, माणसांवर माणसं. दोघेही ओळखू येत नव्हते. मी जात नाही. त्या गर्दीत बसता येत नाही, आडवं होणं तर दूरच. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहिलेली गेर मला पुरेशी आहे, असं मी लेकीला सांगते. खरं म्हणजे पुरत नाही. आज दुपारभर चिडचिड झाली आणि ती मी भांड्यांवर काढली.

स्कूटीही अशीच गेली. किल्ली मी स्वतः काढून दिली, सिग्नलला डोळ्यांपुढे अंधारलं त्या दिवशी. मागे लेक बसली होती. त्यावर आणखी लिहायला नको.

येताना ते पोहे घेऊन आले. वर शेव, वर जीरावन मसाला. माझ्यासाठी शेव आणि जीरावन वेगळं काढलेलं. मीठ मोजून खायचं असतं, नाहीतर अंगात पाणी साठतं आणि आधीच दमलेल्या उजव्या कप्प्यावर बोजा वाढतो. रोज सकाळी वजन करायचं, दोन-चार दिवसांत दोनेक किलो वाढलं तर फोन करायचा. इंदुरात राहून शेव सोडणं हे कुठल्याही पथ्याच्या पुस्तकात लिहिलेलं नाही, लिहायला हवं होतं. चिमूटभर घेतली.

सोमवारी अकरा वाजताची वेळ आहे. आधी सहा मिनिटं चालायची चाचणी, मग रक्त, मग डॉक्टरीणबाई. चालायच्या चाचणीत ४४० मीटरच्या वर गेलं की त्या खूश होतात. मी अजून तिथे पोचलेले नाही, मागच्या वेळेला साडेतीनशेच्या पुढे होते. विचारायचं ते इथेच लिहून ठेवते, तिथे गेल्यावर आठवत नाही.

होळीला जिन्यात झालं ते नुसत्या चढण्याने, की बादल्या उचलल्यामुळे? हृदयाचे ठोके मधेच चुकतात का, त्यासाठी चोवीस तासांचं यंत्र पुन्हा लावायचं का? दाबाचं औषध वाढवायचं, तर तिसरं कुठलं, आणि ते महिन्याला केवढ्याला पडेल? उजव्या बाजूला नळी घालून दाब पुन्हा मोजायचा का? (१९२९ मध्ये फोर्समान नावाच्या जर्मन डॉक्टरने पहिली नळी स्वतःच्याच हातातून हृदयात सरकवली आणि तसाच चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. मागच्या वेळी टेबलावर मला तोच आठवत होता. भूल देणाऱ्याने विचारलं, हसताय का?)

आणि मे महिन्याचं. लेकीला मनाली पाहिजे. ती २००० मीटरवर, तिथली हवा विरळ. दीड हजाराच्या वर ऑक्सिजनशिवाय जायचं नाही असं मागे सांगितलं होतं. दीर पचमढी म्हणतात, ती हजाराच्या आसपास. पचमढीला होकार मिळाला तर धबधब्याच्या पायऱ्या उतरायला ही मंडळी जातील, मी वर चहाच्या टपरीवर थांबेन. तिथे टपरीला बाकडं असतं का, हे दिरांना विचारायचं आहे.