‘आई की बाळ?’ तुम्ही विचारलंत म्हणून

गरोदरपणात कॅन्सर निघाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टर, आई की बाळ?’ बहुतेक वेळा अशी निवड करावीच लागत नाही. हे तोंडी सांगून थकले, म्हणून लिहिते आहे.

खरा घात त्याआधीच झालेला असतो. स्तनात गाठ लागते आणि सगळे म्हणतात, दूध भरतंय. बहुतेक गाठी साध्याच निघतात, फसगत होते ती त्यामुळेच. दोन आठवड्यांत न विरलेल्या गाठीची सोनोग्राफी करायचीच. शंका आली तर जागा बधिर करून जाड सुईची बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी. बारीक सुईने पेशी ओढून भागत नाही, कारण या काळात स्तनातल्या पेशी मुळातच झपाट्याने वाढत असतात आणि काचेवर निरोगी पेशीही संशयास्पद दिसू शकतात. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘गरोदर, इतके आठवडे’ असं लिहा. ती ओळ राहिली तर रिपोर्ट चुकू शकतो. मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचे, किरण गर्भापर्यंत नगण्य पोचतात, तिलाही घाबरू नका. ‘बाळंतपण होऊ दे, मग बघू’ या वाक्यात महिने जातात. माझा राग आहे तो या वाक्यावर.

पहिले 12 आठवडे केमो नाही, तेव्हा बाळाचे अवयव घडत असतात. त्यानंतर स्तनाच्या कॅन्सरसाठी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड देता येतात. डोस तिच्या आत्ताच्या वजनावर. ‘बाळासाठी जरा कमी’ केला तर उपचार अर्धवट होतो. ट्रास्टुझुमॅब हे औषध गरोदरपणात द्यायचं नाही, त्याने गर्भजल आटतं. टॅमॉक्सिफेन, मेथोट्रेक्सेट ही औषधंही नाहीत. 35व्या आठवड्यानंतर केमो थांबते. शेवटचा डोस आणि प्रसूती यांत 3 आठवडे हवेत, नाहीतर पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतानाच कळा सुरू होतात.

‘लवकर मोकळी करा, मग हवे ते उपचार द्या,’ असं पूर्वी मीही म्हणत असे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या अभ्यासात अशा मातांची 129 मुलं तपासली. त्यांची वाढ इतर मुलांसारखीच होती. बौद्धिक चाचणीतल्या कमी गुणांचा संबंध दिसला तो वेळेआधी जन्मण्याशी. माझी घाई चुकीची होती.

पण आठव्या आठवड्यात तीव्र ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, निघाला तर? तिथे थांबायला वेळच नसतो, गर्भपाताचा विषय काढावाच लागतो. तिथे तुमचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं एकच उत्तर माझ्यापाशी नाही. फक्त तो व्हरांड्यात मला विचारू नका. आत तिच्याजवळ बसून बोलू.