गार्सडेल: इंग्लंडच्या डोंगरातलं जंक्शन आणि त्याची सिग्नल केबिन

लीड्सहून कार्लाइलची गाडी धरली की दीड-पावणेदोन तासांत गार्सडेल येतं. दोन फलाट, दगडी वेटिंग रूम, फलाटावरच लाकडी सिग्नल केबिन (जिथे बसून गाड्यांचे सिग्नल चालवतात ती खोली) आणि चहूकडे मेंढ्यांची कुरणं. १८७६ मध्ये मिडलंड रेल्वेने या डोंगरातून प्रवासी गाड्या सुरू केल्या. १८७८ मध्ये इथून हॉज गावाकडे फाटा निघाला आणि स्टेशन हॉज जंक्शन झालं. तो फाटा १९५९ मध्ये बंद पडला.

मी गेलो ते केबिनसाठी. ती जुलै १९१० ची. त्याच वर्षी २४ डिसेंबरच्या पहाटे तिथे फार वाईट घडलं. चढासाठी गाड्यांना जोडलेली जादा इंजिनं एस गिल या ठिकाणी, चढाच्या माथ्यावर, सुटायची आणि तोंड फिरवायला इथल्या टर्नटेबलवर, म्हणजे गोल फिरणाऱ्या रुळावर, यायची. केबिनमनने कार्लाइलकडे परतणारी अशी दोन इंजिनं मुख्य रुळावर सिग्नलपाशी उभी केली आणि कामाच्या रेट्यात तो ती विसरला. मागून ग्लासगोची एक्स्प्रेस आली, तिच्यासाठी त्याने सिग्नल दिला. इंजिनवाल्यांना वाटलं, आपल्यालाच मिळाला, ते निघाले. पुढे एक्स्प्रेसने त्यांना मागून धडक दिली, डब्यांतल्या दिव्यांच्या गॅसने पेट घेतला, १२ जण गेले.

माझ्या मते दोष त्या एकट्याचा नव्हता. रात्रभराची ये-जा एका माणसाच्या ध्यानावर सोडणारी पद्धतच कच्ची होती. इंजिनवाल्यांपैकी कोणी केबिनमध्ये जाऊन आठवण द्यावी, असा नियम होता. कोणी गेलं नाही. त्यानंतर मिडलंडने ठिकठिकाणी ट्रॅक सर्किट बसवली: रुळांतून बारीक वीज सोडायची, वर चाकं उभी असली की ती चाकांतूनच वळते आणि मागचा सिग्नल देताच येत नाही.

जाणार असाल तर केबिन फलाटावरूनच पाहा. आत काम चालतं. स्टेशनवर खायला काही मिळत नाही, डबा आणि वाऱ्याचं जाकीट घ्या. स्टेशनवरचा रसवॉर्प नावाच्या कुत्र्याचा पुतळा चुकवू नका. हा मार्ग बंद होऊ नये म्हणून दिलेल्या अर्जावर त्याच्या पंजाचा ठसा होता, आणि १९८९ मध्ये मार्ग वाचला. हॉजच्या जुन्या स्टेशनात संग्रहालय आहे, अपघातातल्या मृतांचं स्मारक तिथल्या चर्चच्या आवारात. तिकडे लिटल व्हाइट बस जाते. गाड्या मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ आधी बघून मगच बसमध्ये चढा.