एवर्ट हूक : खडकाचा मास्तर

मायनिंग नाहीतर सिव्हिलच्या पोराला हूक-ब्राऊन, म्हणजे खडक कधी तुटतो ते सांगणारं सूत्र, म्हणलं की त्याला परीक्षेतला तो वाकडा ग्राफ आठवतो आणि पोटात गोळा येतो, पण हा हूक माणूस कोण, कुठला, ह्याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. आमच्या लातूरकडं तर खाण म्हणलं की क्रशरवाल्याची खदान एवढंच डोळ्यापुढं येतं, ना कोळसा ना सोनं. दगड मात्र म्हणाल तेवढा. म्हणून ह्या माणसावर मराठीत काहीतरी लिहावं असं लई दिवस डोक्यात होतं.

जन्म १९३३ चा, तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातला म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतला. आणि गंमत बघा, शिकला मेकॅनिकल, तेही केप टाऊनला. खाणीशी संबंध आला तो नोकरीमुळं, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेत. तिथल्या सोन्याच्या खाणी इतक्या खोल की वरच्या दाबानं खडक नुसता पडत नाही, स्फोट झाल्यासारखा फुटून अंगावर येतो, आणि हे का होतं ते शोधायचं काम ह्या मेकॅनिकलवाल्याकडं आलं. त्याच सुमाराला, जानेवारी १९६० मध्ये, तिथलीच कोलब्रुकची कोळसा खाण बसली. छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब एकामागं एक चिरडत गेले, चारशेच्या वर माणसं आत राहिली ती कायमचीच, प्रेतंसुद्धा निघाली नाहीत. त्याच्या दीडेक महिना आधी फ्रान्सात मालपासेचं धरण फुटलेलं, त्यातही दोष पायाखालच्या खडकात. अंदाजपंचे काम आता चालणार नाही, खडकाचं नीट शास्त्र पाहिजे, हे जगाला त्या दोन-तीन वर्षांत कळलं.

१९६५ ला पीएचडी, १९६६ ला लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात, तिथल्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये रॉक मेकॅनिक्सचा, म्हणजे ह्याच खडकाच्या शास्त्राचा, ग्रुप उभा करायला बोलावणं, १९७० ला प्रोफेसर. उघड्या खाणींचे उतार किती तिरपे ठेवायचे ह्यावर जॉन ब्रे सोबत १९७४ ला पुस्तक काढलं. उतार एखाद्या डिग्रीनं जास्त उभा ठेवला तरी मोठ्या खाणीत लाखो टन दगड उचलायचा वाचतो, पण घसरला तर मशीन आणि माणसं खाली, असला तो हिशोब. आणि मग १९७५ ला प्रोफेसरकी सोडून गडी कॅनडात कन्सल्टिंगला गेला. आपल्याकडं पर्मनंट प्रोफेसरनं असं केलं असतं तर सासुरवाडीपासून सगळ्यांनी वेड्यात काढलं असतं.

आता ते हूक-ब्राऊन. अडचण साधी होती. लॅबमध्ये मुठीएवढा तुकडा मशीनखाली दाबला की तो लई भारी आकडा दाखवतो, पण आख्खा डोंगर काय त्या तुकड्याएवढा मजबूत नसतो, कारण डोंगरात भेगा असतात, सांधे असतात, सांध्यात माती असते. आणि आख्खा डोंगर मशीनखाली कोण घालणार? हूक आणि टेड ब्राऊन ह्यांनी १९८० मध्ये तुकड्याच्या ताकदीवरून डोंगराच्या ताकदीपर्यंत जायची वाट काढून दिली. पुढं नव्वदीत हूकनं त्याला जीएसआय (जिऑलॉजिकल स्ट्रेंथ इंडेक्स) जोडलं, म्हणजे खडकापुढं उभं राहायचं, किती तुटलाय आणि भेगांचे पृष्ठभाग खरबरीत आहेत का गुळगुळीत का मातीनं भरलेत ते डोळ्यानं बघायचं, आणि तक्त्यावरून नंबर द्यायचा.

मला सगळ्यात आवडतो तो त्याच्या नोट्समधला हातोडीचा तक्ता. अंगठ्याच्या नखानं खूण उमटली तर खडक सगळ्यात कमजोर. चाकूनं कसाबसा सोलता आला तर त्याच्या दोन पायऱ्या वरचा. चाकू लागत नाही पण हातोडीच्या एका दणक्यात फुटला तर मधला. नुसत्या कपच्याच उडाल्या तर सगळ्यात टणक, आणि ह्या शेवटच्या रांगेत उदाहरण म्हणून ताजा बेसाल्ट लिहिलाय, म्हणजे आपला काळा पाषाण! आमच्या विहिरीचं काम गुत्त्यानं दिलं होतं तेव्हा गुत्तेदार मामा पहार आपटून कान द्यायचे. ठण्ण वाजलं की तोंड वाकडं, "काळा लागलाय बघा, हितं सुरुंगच लागतोय." बद्द वाजलं, म्हणजे मऊ खडक लागला की, "मांजऱ्या हाय, पाणी लागायची आशा हाय." मामांची शाळा चौथी. हूकच्या तक्त्यापुढं मामांना उभं केलं असतं तर निम्मा तक्ता त्यांनी तोंडपाठ सांगितला असता, फक्त मेगापास्कल, म्हणजे ताकदीचे आकडे, सोडून.

हूक आपल्या देशातही येऊन गेलाय. हिमाचलातल्या नाथपा झाकरी प्रकल्पाच्या कामात तो सल्लागार होता. १५०० मेगावॅटचा प्रकल्प, २७ किलोमीटरच्या वर बोगदा, आणि हिमालयाचा तो चुरगाळलेला खडक. तिथलं जमिनीखालचं पॉवरहाऊस आणि बोगद्यात आलेली दुखणी, दोन्हीवर त्यानं सविस्तर लिहून ठेवलंय.

१९८७ ला पुन्हा प्रोफेसर झाला, टोरोंटोला, १९९३ पर्यंत. पण मला ह्या माणसाबद्दल खरा आदर वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. एकदा नाव झालं की लोक आपल्या सूत्राला देवघरात बसवतात, हा मात्र आयुष्यभर स्वतःचं सूत्र दुरुस्त करत बसला. १९८८, १९९५, २००२, आणि शेवटची २०१८ ची आवृत्ती, तीही त्याच ब्राऊनसोबत, तेव्हा हूक पंच्याऐंशीचा! २०२४ ला गेला.

त्याच्या सगळ्या नोट्स रॉकसायन्स ह्या सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवर फुकट आहेत, झेरॉक्सवाल्याकडं जायचीसुद्धा गरज नाही. पोरांनो, थेट सूत्रावर उडी मारू नका, आधी 'डिझाइन स्वीकारण्यासारखं कधी म्हणायचं' हे प्रकरण वाचा. सेफ्टी फॅक्टरचा, म्हणजे ताकद भाराच्या किती पट पाहिजे त्याचा, एकच ठरलेला आकडा सगळीकडं चालत नाही, हे तो तिथं एकेक उदाहरण घेऊन सांगतो. आपल्या परीक्षेत मात्र अजून तोच एक आकडा विचारतात.