सासूबाईंच्या हातातली वाटी

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. अक्कलकोट रोडच्या एक ताई सासूबाईंना घेऊन माझ्याकडे आल्या. दत्तक घेतलेली लेक, साडेतीन महिन्यांची. ताईंना दिवस कधी गेलेच नव्हते. हृदय ठीक आहे ना हे ईसीजी काढून बघून, दूध यावं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि रात्री उठून उठून लावलेला दूध काढायचा पंप, असं कितीतरी आठवडे केल्यावर त्यांना दूध आलं होतं. पहिले थेंब दिसले तेव्हा आम्ही दोघीही रडलो होतो.

त्या दिवशी मात्र वजनकाटा बघून माझ्या पोटात धस्स झालं. दहा दिवसांत फक्त 60 ग्रॅम!

"शू किती वेळा करते?"

"तीन-चारदा, सिस्टर."

सहा वेळा तरी हवी. वरचं दूध कधी बंद केलंत, असं विचारलं तर सासूबाईच बोलल्या, "पान्हा फुटलाय की. आता डबा कशाला?"

चूक माझी होती. आनंदाच्या भरात 'वरचं चालू ठेवा' हे मी ठासून सांगितलंच नव्हतं.

बालरोगतज्ज्ञांनी तपासलं. बाळ ठणठणीत होतं, फक्त उपाशी. मग सासूबाईंना जवळ बसवलं. म्हटलं, गरोदरपणात नऊ महिने छाती आतून तयार होत असते, दुधाच्या ग्रंथी वाढतात. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं हार्मोन झपाट्यानं उतरतं, आधी चीक येतो आणि दोन-चार दिवसांत दूध भरून येतं. इथं ना वार, ना चीक. सगळी भिस्त बाळाच्या ओढण्यावर. दूध येतं, कसदारही असतं, पण बहुतेकींना पोटभर पुरत नाही. त्यात तुमच्या सुनेचं काही चुकलेलं नाही, आजी.

ताई मान खाली घालून ऐकत होत्या.

बारीक फीडिंग ट्यूबचं एक टोक वाटीतल्या पावडरच्या दुधात सोडलं, दुसरं स्तनाग्राशी चिकटपट्टीनं लावलं. बाळ अंगावरच पितं आणि दोन्ही दुधं एकदम मिळतात. वाटी वर धरली तर दूध भसाभस येऊन बाळाला ठसका लागतो. खाली धरली की त्याला ओढावं लागतं, आणि त्या ओढण्यानंच आईचं दूध वाढतं.

वाटी सासूबाईंच्या हातात दिली. बाळ गटागटा गिळायला लागलं. म्हातारीनं हात हळूच खाली घेतला आणि सुनेकडं बघून विचारलं, "एवढी खाली बास का गं, पोरी?"