चार दारांच्या गाड्या आणि आमचं वर्कशॉप

जून २००९ मध्ये जनरल मोटर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या आगेमागे मिशिगनमधल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत माणसं कमी व्हायला लागली आणि माझीही नोकरी गेली. पत्नीच्या पगारावर घर चालत होतं. माझ्याकडे रिकामा वेळ होता आणि गॅरेजमध्ये हौसेनं घेऊन ठेवलेली १९६८ ची शेव्हरोले शेवेल मालिबू. चार दारं, ३०७ घन इंचांचं व्ही-८ इंजिन, दोनच गिअरचा पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्या उन्हाळ्यात ती नटबोल्टपर्यंत उघडली. आमचा धंदा तिथून सुरू झाला.

पाना धरायला मात्र मी कोल्हापुरात शिकलो. आप्पा उद्यमनगरात फिटर होते. प्रीमियरनं क्रायस्लरच्या परवान्यावर कुर्ल्यात बांधलेले फार्गो ट्रक त्यांच्या हाताखालून गेले. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकायचा, हे मी शाळेत असताना त्यांच्याकडूनच उचललं.

शेवेलला अमेरिकेत मध्यम आकाराची गाडी म्हणतात, पण लांबी सोळा फुटांहून जास्त. १९६४ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सनं एकाच मूळ रचनेवर चार भावंडं काढली: शेव्हरोलेची शेवेल, पॉन्टियॅकची टेम्पेस्ट, ओल्ड्समोबाइलची कटलस आणि ब्यूइकची स्कायलार्क. सांगाडा एका घराण्यातला, पण इंजिनं चौघांची वेगळी. पॉन्टियॅकच्या व्ही-८ ला शेव्हरोलेचं गॅस्केट बसत नाही. नव्यानं हौस करणारे इथेच पहिले पैसे घालवतात.

आमच्याकडे मुख्यतः चार दारांच्या गाड्या येतात. सुरुवातीला सगळ्यांनी सांगितलं, यात पैसा नाही. बाजाराच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. भाव दोन दारांच्या कूपेला. तिचं मागचं पॅनल, फरशीचा पत्रा, दारांचे रबर, सगळं आज नवीन बनवून मिळतं. चार दारांचीला मात्र कूपेसाठी कापतात; इंजिन, ॲक्सल, पुढचे पत्रे काढून घेतात आणि उरलेलं भंगारात. मला ते बघवत नाही. त्या काळातलं कुटुंब याच गाडीत बसायचं. मुलं मागच्या सीटवर, आजी खिडकीशी. आमच्याकडे येणारी माणसंही बहुतेक वेळा वडिलांची किंवा आजोबांची गाडी घेऊन येतात. ती विकायची नसते.

अडचण भागांची. १९६८ मध्ये दोन दारांच्या शेवेलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ११२ इंच आणि चार दारांचीचा ११६. म्हणजे छप्पर वेगळं, मागची दारं वेगळी, काचाही वेगळ्या. मागच्या दाराचा चांगला पत्रा लागला की आम्ही ॲरिझोना नाहीतर न्यू मेक्सिकोतल्या भंगारवाल्यांना फोन लावतो. तिकडच्या कोरड्या हवेत रंग उडतो, पण पत्रा टिकतो. आमच्या मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि तेच गाडीला खातं. आधी चाकांमागचे कोपरे जातात, मग डिकीची फरशी. मागच्या काचेखालचा पत्रा सगळ्यांत फसवा. वरून रंग शाबूत दिसतो, पट्टी काढली की खाली पापुद्रे. छप्पर जिथे मागच्या पॅनलला मिळतं, तो सांधा कारखान्यात शिशानं भरलेला असतो. ते शिसं हळूहळू तापवून उतरवण्यात आमचा अख्खा दिवस जातो. घाई केली की पत्रा वाकतो.

२०११ मध्ये भाड्यानं जागा घेतली, एक लिफ्ट बसवली आणि दुसऱ्याच वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं इंजिन नव्यानं बांधलं होतं. या जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट कॅमवर, म्हणजे उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्यावर, घासत चालतात. नवीन कॅम घातला की पहिल्यांदा सुरू केल्याबरोबर वीसेक मिनिटं दोन हजार आरपीएमच्या वर ठेवायचं, म्हणजे कॅमवर तेल नीट उडतं. तेलही जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं हवं. आमच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल पोचत नव्हतं, ठिणगीचं टायमिंगही जमलेलं नव्हतं. इंजिन बंद पडत होतं, आम्ही पुन्हा स्टार्टर मारत होतो आणि मंद गतीवर चालवत जुळवाजुळव करत होतो. संध्याकाळी टकटक सुरू झाली. कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावून आप्पांना आवाज ऐकवला.

“बंद कर आधी ते. टॅपेट ढिला नाही, कॅम खाल्लाय. फिल्टर काप आणि बघ.”

फिल्टर कापला. कागदाच्या घड्यांत चांदीच्या वर्खासारखा चुरा चमकत होता. कॅमचे दोन उंचवटे झिजून जवळपास गोल झाले होते. इंजिन पुन्हा पूर्ण उघडलं, बेअरिंगं बदलली. सगळा खर्च आम्ही केला आणि गिऱ्हाइकाला चूक कुणाची ते स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून चावी फिरवण्याआधी कार्बोरेटर हातानं भरायचा, टायमिंग आधीच लावायचं आणि तेलपंप ड्रिलनं फिरवून दाब आणायचा. हे झाल्याशिवाय आमच्याकडे नवीन इंजिन सुरू होत नाही.

एक काम आम्ही करत नाही. साध्या मालिबूला सुपर स्पोर्टचे, म्हणजे शेवेलच्या जास्त ताकदीच्या मॉडेलचे, बिल्ले लावून विकायला देत नाही. १९६५ ते १९६८ च्या गाड्यांत चेसिस नंबरच्या सुरुवातीला १३८ असेल तर सुपर स्पोर्ट, १३६ असेल तर व्ही-८ मालिबू, इतकं सरळ होतं. १९६९ पासून सुपर स्पोर्ट हे नुसतं पॅकेज झालं आणि ते नंबरवरून कळेनासं झालं. मग आम्ही कारखान्याचा बिल्डशीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याचा कागद, शोधतो, कधी पेट्रोलच्या टाकीवर, कधी सीटच्या स्प्रिंगांत. सापडला तर मालकाच्या हातात देतो, त्यात काहीही निघो.

आज आम्ही तिघं आहोत आणि लिफ्ट दोन. एकीवर १९६७ ची चार दारांची स्कायलार्क आहे, मालकीणबाईंच्या वडिलांची. डाव्या मागच्या दाराचा खालचा काठ पूर्ण गेलाय. न्यू मेक्सिकोहून दार निघालंय, गुरुवारपर्यंत पोचेल.