व्हीएम १०४ उठली: आधी ड्रायव्हर, मग एलव्हीएम

व्हीएम (आभासी मशीन) १०४ अखेर लॉगिनपर्यंत पोचली. मागच्या नोंदीत ती बूट होताना ड्राकटच्या (बूटची इमेज बांधणारं साधन) शेलमध्ये अडकली होती. व्हर्च्युअलबॉक्समधून ठाण्याच्या प्रॉक्समॉक्स नोडवर (व्हीएम चालवणारा सर्व्हर) आणलेली अल्मालिनक्स ९, डिस्क १२० जीबी, डिस्कची जोडणी साटाच्या जागी व्हर्टआयओ-स्कझी.

पहिला दोष नेहमीचाच. ड्राकट होस्टओन्ली इनिटरॅमएफएस (रूट माउंट होण्याआधी चालणारी छोटी बूट इमेज) बांधतो, म्हणजे बांधताना जे हार्डवेअर दिसलं त्याचेच ड्रायव्हर आत. आत एएचसीआय (साटाचा ड्रायव्हर) होता, व्हर्टआयओ नव्हता. आयएसओ लावून क्रूट करायचं (बाहेरून बूट करून डिस्कवरच्या सिस्टममध्ये शिरायचं) ठरलं होतं, पण त्याची गरजच पडली नाही. ग्रबच्या (बूट मेनू) यादीत तळाला ०-रेस्क्यू अशी नोंद असते, तिची इमेज सगळ्या ड्रायव्हरांसकट बांधलेली असते. ती निवडली आणि रूट झटक्यात माउंट झालं!

खरं डोकं खाल्लं ते पुढे. एलव्हीएम म्हणजे डिस्कचे भाग सांभाळणारी व्यवस्था, तिचा एकेक भाग म्हणजे एलव्ही. होमच्या एलव्हीची दीड मिनिट वाट बघून सिस्टमडीने (सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम) थेट इमर्जन्सी मोडमध्ये टाकलं. एलएसबीएलकेत (डिस्कची यादी) एसडीए३ दिसतंय, रूट त्याच डिस्कवरून चालू आहे, आणि पीव्हीएस (एलव्हीएमला दिसणाऱ्या डिस्कची यादी) मात्र रिकामं. एफएसटॅबमधले (काय कुठे माउंट करायचं ती फाइल) यूयूआयडी तपासले, एक्सएफएस फाइलसिस्टम तपासली, सगळं जागेवर. उत्तर पीव्हीएसच्याच इशाऱ्यात होतं: नोंदवलेलं डिव्हाइस सापडत नाही, आणि पुढे आयडीत ‘व्हीबॉक्स हार्डडिस्क’. अल्मालिनक्सच्या आवृत्ती ९ पासून एलव्हीएम फक्त /ईटीसी/एलव्हीएम/डिव्हाइसेस/सिस्टम.डिव्हाइसेस या फाइलीत नोंद असलेल्याच डिस्क बघतं. नोंद जुन्या डिस्कच्या डब्ल्यूडब्ल्यूआयडीची (डिस्कचा ओळखक्रमांक); हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारी प्रणाली) बदलला की आयडी बदलतो. रेस्क्यू इमेजमध्ये ही फाइल नसते, म्हणून कर्नल ओळीतल्या आरडी.एलव्हीएम.एलव्हीने रूट आणि स्वॅप उघडले. होम त्या ओळीत नाही, ते मागे राहिलं.

इलाज, ह्याच क्रमाने: जुनी फाइल नाव बदलून बाजूला, व्हीजीइम्पोर्टडिव्हाइसेस -ए, व्हीजीचेंज -एवाय, माउंट -ए. मग ड्राकट.कॉन्फ.डी मध्ये अ‍ॅड_ड्रायव्हर्स+= ची ओळ, त्यात व्हर्टआयओ_पीसीआय आणि व्हर्टआयओ_स्कझी (अवतरणचिन्हांच्या आत दोन्ही टोकांना मोकळी जागा हवीच). शेवटी ड्राकट --फोर्स --रीजनरेट-ऑल. नुसता ड्राकट -एफ चालणार नाही: तो चालू कर्नलची इमेज बांधतो, आणि रेस्क्यूचा कर्नल इन्स्टॉलच्या वेळचा असतो. त्याचे मॉड्यूल कधीच पुसले गेलेले असू शकतात, तेव्हा रेस्क्यूमध्ये नेटवर्कची आशा धरू नका, सगळं कन्सोलवरूनच. घोडबंदरची वीज बघता, /बूट मध्ये इमेज लिहिली जात असताना नोड यूपीएसवर असलेला बरा.

नोव्हीएनसीवर (प्रॉक्समॉक्सचा ब्राउझरमधला कन्सोल) ह्या लांबलचक कमांड हाताने टाइप करणं म्हणजे शिक्षा आहे. व्हीएमला सिरीयल पोर्ट द्या, कर्नल ओळीत कन्सोल=टीटीवायएस० घाला; प्रॉक्समॉक्सच्याच एक्सटर्म.जेएस टर्मिनलमध्ये कॉपी-पेस्ट सुरळीत चालतं.

रीबूटनंतर होम आलं, नेटवर्क नाही: नेटवर्क कार्डाचं नाव ईएनपी०एस३ चं ईएनएस१८ झालंय. एनएमसीएलआय कमांडने प्रोफाइलमधलं इंटरफेसचं नाव बदललं की काम झालं.

व्हीएम १०५ आणि १०६ ह्याच वाटेने दुरुस्त करायचा बेत होता. पण लिहिता लिहिता सुचलं, त्या अजून जुन्या जागी, व्हर्च्युअलबॉक्सवर, नीट चालू आहेत. तिथेच ड्रायव्हरची ओळ घालायची, सिस्टम.डिव्हाइसेस बाजूला करायची, इमेज बांधायची, मग बंद करून डिस्क न्यायची. सीपीयू प्रकार मात्र आधी बघणार: केव्हीएम६४ (जुना, साधा प्रकार) राहिला तर आवृत्ती ९ ची जीलिबसी (सिस्टमची मूळ लायब्ररी) एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा सीपीयू मागते आणि कर्नल पॅनिक होतो. १०५ आज रात्री.